आरिकाचे दर्यावर्दी

चिलीच्या उत्तर टोकाला आरिका नावाचं बंदर आहे. तिथे वर्षाकाठी सरासरी एक मिलिमीटरही पाऊस पडत नाही. मी रत्नागिरीत कान-नाक-घशाचा दवाखाना चालवते. आमच्याकडे जूनची एक बरी सर आली तर आरिकाचा काही वर्षांचा पाऊस तेवढ्यात उरकतो. आताकामाच्या त्या वाळवंटात माणसं मुळात राहिलीच का, असा प्रश्न नकाशा बघणाऱ्याला पडेल, पण समुद्र बघणाऱ्याला पडणार नाही. किनाऱ्यालगत हम्बोल्टचा थंड प्रवाह वाहतो. तळाचं पाणी वर येतं, त्याबरोबर पोषक क्षार येतात आणि त्यांच्यावर अँकोव्हेटा नावाच्या माशांचे थवेच्या थवे पोसले जातात. हा मासा आपल्या मांदेलीच्याच कुळातला. त्याच्यामागे मोठे मासे, पेलिकन आणि समुद्रसिंह ओघानेच आले. म्हणजे खायला भरपूर, प्यायला मात्र काही नाही. गोडं पाणी मिळायचं ते अँडीजवरून उतरणाऱ्या दोन-चार नद्यांच्या मुखाशी, नाहीतर एखाद्या झऱ्यावर. माणसाने राहायचं ते तिथेच.

अशा जागी सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीपासून मच्छीमार राहत होते. शेती नाही, मडकी नाहीत, धातू नाही, राजा असल्याची खूण नाही. पुरातत्त्वज्ञ त्यांना चिंचोरो म्हणतात. आरिकाच्या एका पुळणीचं ते नाव. माक्स ऊले या जर्मन अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांची प्रेतं पहिल्यांदा नीट नोंदवली. 1940च्या दशकात ज्युनियस बर्ड या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने आरिकाजवळ कियानी इथे शिंपल्यांचे ढीग थराथराने उकरले. खालच्या थरात शिंपल्याचे गळ होते, वरच्या थरात निवडुंगाच्या काट्याचे. गळ का बदलला यावर पुढे बराच कागद खर्ची पडला. आम्हाला शाळेत इतिहास म्हणून ज्या लढाया पाठ करायला लावल्या, त्यांच्यापेक्षा मला हा बदल अधिक जिव्हाळ्याचा वाटतो. गळ बदलतो तेव्हा घरात कुणीतरी काहीतरी वेगळं शोधायला बाहेर पडलेलं असतं.

या लोकांपर्यंत मी पोचले ती कानाच्या वाटेने. थंड पाण्यात वर्षानुवर्षं बुड्या मारणाऱ्याच्या कानाच्या नळीत हाडाच्या गाठी वाढतात. आम्ही त्याला एक्झॉस्टोसिस म्हणतो, सर्फिंग करणाऱ्यांच्या देशात सर्फर्स इअर म्हणतात. गार पाणी नळीच्या पातळ कातडीखालच्या हाडाला पुन्हा पुन्हा डिवचतं आणि हाड हळूहळू जाड होत नळी अरुंद करतं. आमचा समुद्र कोमट, त्यामुळे माझ्याकडे हा रुग्ण जवळजवळ येत नाही. कालवं, शिनाणे काढायला बुडणारे गाबीत येतात ते फाटलेला पडदा घेऊन, पावसाळ्यात कानात बुरशी घेऊन. "डॉक्टरबाई, कानात पाणी रवला हा," एवढीच तक्रार असते.

व्हिव्हियन स्टँडन, बेर्नार्दो आरियासा आणि कालोखेरो सांतोरो यांनी 1997 मध्ये उत्तर चिलीतल्या अकराशेहून अधिक प्राचीन कवट्यांचे कान तपासून निष्कर्ष छापले. किनाऱ्यावरच्या कवट्यांत सुमारे 30 टक्क्यांना या गाठी होत्या, आतल्या खोऱ्यांतल्या कवट्यांत दोन टक्क्यांच्या आसपास, डोंगरावरच्यांत एकालाही नाही. पुरुषांत प्रमाण जास्त. हा लेख वाचताना मला पाण्याखालचा माणूस दिसू लागला. समुद्रसिंहाच्या हाडाची छोटी पहार हातात धरून तो खडकाला चिकटलेली शिंपली उचकटतोय आणि चाळिशीला त्याला एका कानाने कमी ऐकू येतंय. जी माणसं काही लिहून ठेवत नाहीत, त्यांच्या पेशाची नोंद हाड करून ठेवतं.

पण जग चिंचोरोंना ओळखतं ते त्यांच्या कानांमुळे नव्हे. इजिप्तच्या आधी सुमारे दोन हजार वर्षं हे लोक आपल्या मृतांची ममी करत होते. 1983 मध्ये आरिकात पाण्याची पाइपलाइन टाकताना मोरो टेकडीच्या पायथ्याशी जवळपास शंभर देह निघाले. शहरातल्या कोलोन रस्त्यावर एका घराच्या जागी नवं बांधकाम करायला घेतलं तर खाली पुन्हा कबरी. आता तिथे काचेच्या जमिनीखाली ते देह जसेच्या तसे ठेवले आहेत. 2021 मध्ये युनेस्कोने या दोन जागा आणि दक्षिणेकडचं कामारोनेस नदीचं मुख मिळून जागतिक वारसा जाहीर केला.

सर्वांत जुनी पद्धत सर्वांत कष्टाची, हे मला विशेष वाटतं. नवशिका माणूस सोप्यापासून सुरुवात करतो असा आपला समज असतो. इ.स.पू. 5000च्या सुमारास सुरू झालेल्या काळ्या ममींसाठी हे लोक देह पूर्ण सुटा करत. डोकं, हात, पाय वेगळे. कातडी सोलून बाजूला ठेवायची, मांस आणि अवयव काढायचे, हाडं सुकवायची. मग हाडांना काठ्यांचा आधार देऊन दोरीने घट्ट बांधायचं, पोकळ्या भरायच्या, वरून राखेच्या पांढऱ्या लगद्याने शरीराचा आकार घडवायचा. त्यावर कातडी पुन्हा चढवायची. कमी पडली तर समुद्रसिंहाची जोडायची. चेहऱ्यावर मातीचा मुखवटा, डोक्यावर माणसाच्याच केसांचा टोप, आणि सगळ्यावर काळ्या मँगनीजचा लेप. शरीरशास्त्राच्या पहिल्या वर्षाला विच्छेदन शिकलेली मी, दगडी पात्याने हे कसं जमवलं असेल याचा विचार करते तेव्हा गप्प होते. सांध्यात पातं कुठे शिरतं हे पुस्तकातून कळत नाही. समुद्रसिंह फाडून फाडून त्यांचा हात बसला असणार.

पुढे, इ.स.पू. 2500च्या सुमारास, तऱ्हा बदलली. देह सुटा करायचा नाही, छेद देऊन आतून रिकामा करायचा, भरायचा, शिवायचा आणि गेरूने लाल करायचा. केसांचा टोप चांगला लांब. त्याहीनंतर नुसता मातीचा जाड लेप. इ.स.पू. 1700 पर्यंत हे सगळंच थांबलेलं दिसतं.

काही ममींच्या लेपावर रंगाचे अनेक हात आहेत, डागडुजीच्या खुणा आहेत. म्हणजे त्या पुरून मोकळे होत नसत. काही काळ तरी जिवंतांच्या सोबत ठेवून त्यांची निगा राखत. आणि ही निगा कुणा सरदाराची नव्हे. इजिप्तमध्ये सुरुवातीला राजे आणि त्यांच्या भोवतीचे लोक. इथे बाई, पुरुष, म्हातारी, तान्हं मूल, इतकंच काय, पडलेला गर्भसुद्धा. कामारोनेसच्या मुखाशी सापडलेल्या सर्वांत जुन्या ममी लहान मुलांच्या आहेत.

मुलंच का?

आरिकाच्या तारापाका विद्यापीठातले आरियासा यांनी 2005 मध्ये यावर एक मांडणी केली, आणि ती वाचल्यापासून मी या विषयातून बाहेर आलेली नाही. कामारोनेस नदीच्या पाण्यात नैसर्गिक आर्सेनिक आहे, लिटरला सुमारे 1000 मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 10 आहे. म्हणजे शंभरपट. हे पाणी दिसायला स्वच्छ, चवीला ठीक. त्यातलं आर्सेनिक आईच्या वारेतून गर्भापर्यंत जातं. गर्भपात, उपजतमृत मुलं, पहिल्या वर्षातले मृत्यू वाढतात. आरियासांचं म्हणणं असं की त्या छोट्या छोट्या गटांत इतकी मुलं जात राहिली की आईबापांनी त्यांना जाऊच द्यायचं नाही असं ठरवलं. मूल रंगवून, केस लावून, चेहरा देऊन घरात ठेवलं. पुढे तोच रिवाज मोठ्यांनाही लागू झाला.

ही कल्पना हवेतली नाही, कारण त्याच वाळवंटाने आधुनिक काळात तिचा एक प्रयोग करून दाखवला आहे. 1958 मध्ये दक्षिणेच्या अंतोफागास्ता शहराला तोकोन्से नदीचं पाणी जोडलं. शहर वाढत होतं, पाणी हवं होतं. त्या पाण्यात लिटरला 800 मायक्रोग्रॅमच्या वर आर्सेनिक होतं. मुलांच्या कातडीवर डाग आले, छातीचे विकार वाढले, 1970 मध्ये शुद्धीकरण यंत्रणा बसली. पण त्या बारा वर्षांचा हिशेब पुढची अनेक दशकं चालू राहिला. त्या काळातल्या अर्भकमृत्यूंचे आणि उपजतमृत मुलांचे आकडे वर चढलेले आढळले. फुप्फुसाचे आणि मूत्राशयाचे कर्करोग तर पाणी सुधारल्यानंतर कितीतरी वर्षांनी येत राहिले. पश्चिम बंगालात 1980च्या दशकात नळकूपांच्या पाण्यातून हेच विष बाहेर आलं, तेव्हा आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांना ते आधी तळहातांवर दिसलं. आर्सेनिकाचा त्रास असा. लाट येत नाही, दुष्काळ पडत नाही, कुणी पळून जात नाही. नदी आहे तिथेच आहे आणि मुलं जात आहेत.

चिंचोरोंच्या केसांतही आर्सेनिक सापडलं. इथे मात्र डॉक्टर म्हणून माझा हात थोडा आखडतो. केसाला आर्सेनिक बाहेरूनही चिकटतं. अंघोळीच्या पाण्यातून चिकटेल, मातीतून चिकटेल, हजारो वर्षं पुरलेल्या केसाला तर नक्कीच. नुसता आकडा जास्त आला म्हणून पोटात गेलं असं म्हणता येत नाही. तरी त्या नदीशिवाय त्या मुखाशी प्यायला दुसरं काय होतं? या प्रश्नाला मला प्रयोगशाळेची गरज वाटत नाही.

माझी खरी अडचण दुसरी आहे. नदी आधीही विषारी होती आणि नंतरही. माणसं तिथे ममींच्या आधी दोन हजार वर्षं राहत होती. जे कारण कायम हजर आहे, ते रिवाज सुरू कधी झाला आणि संपला कधी हे सांगू शकत नाही. तापाचं कारण म्हणून मी रुग्णाचा रक्तगट सांगितला तर माझं कोण ऐकून घेईल?

त्या "कधी"चं उत्तर 2012 मध्ये आलं. पाब्लो मार्केत, सांतोरो आणि सहकाऱ्यांनी हवामानाची आणि वस्तीची गणितं एकत्र मांडली. सुमारे सात हजार वर्षांपूर्वी अँडीजवर पाऊस वाढला, जमिनीतलं पाणी भरलं, खोऱ्यांत झरे वाढले, समुद्रही जास्त पिकला. माणसं वाढली. आणि माणसं वाढली की मेलेलीही वाढतात, फक्त आताकामात मेलेली नाहीशी होत नाहीत. ऊन, मीठ आणि कोरडी वाळू त्यांना सुकवून ठेवते. शंभर माणसांचा एक गट एका शतकात सुमारे चारशे देह मागे ठेवतो, असा त्यांचा हिशेब आहे. वारा सुटला की पणजोबा वाळूतून वर येणार, ओळखू येतील इतपत. ज्या लोकांना मृत इतक्या नेमाने भेटतात त्यांना मृतांचं काहीतरी करावंसं वाटणारच, आणि जिथे गट मोठे, खाणं पुरेसं, तिथे युक्ती शोधणारा एखादा निघतो आणि ती टिकते. पुढे पाणी पुन्हा आटत गेलं तसे गटही आक्रसले आणि रिवाजही. मांडणी अशी आहे.

म्हणजे पर्यावरणाचा ताण आला म्हणून संस्कृती बदलली, हे जे वाक्य आपण सहज लिहून जातो, ते इथे उलटं बसतं. सर्वांत कष्टाचा, सर्वांत वेळखाऊ विधी निघाला तो चांगल्या दिवसांत. उपाशी माणूस प्रेताची कातडी सोलून, राखेचा लगदा घोटून, पुन्हा ती चढवत बसत नाही. मला मार्केत पटतात. पण त्यांच्या गणितात देह म्हणजे देह. त्यात मूल आणि म्हातारा सारखेच. वाळूतून पणजोबा वर येत असतील तर पहिली ममी पणजोबांची व्हायला हवी होती. झाली पोरांची. तिथे मी आरियासांकडे परत जाते. माझ्यापुरता निवाडा असा: चांगल्या पावसाने त्यांना सवड दिली आणि मृतांची सवय लावली, ती सवड कुणावर खर्च करायची, हे कामारोनेसच्या पाण्याने ठरवलं. दोघं एकाच प्रश्नाला उत्तर देत नाहीत, म्हणून त्यांचं भांडण लावण्यात अर्थ नाही.

त्या पाण्याने आणखीही काही केलं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कामारोनेसच्या आजच्या रहिवाशांत आर्सेनिक शरीराबाहेर टाकायला मदत करणाऱ्या जनुकाचे प्रकार दक्षिण चिलीतल्या लोकांपेक्षा कितीतरी जास्त आढळले. अशी निवड होते तेव्हा तिची किंमत कुणी मोजलेली असते, हे प्रसूतिशास्त्राच्या वॉर्डात काम केलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आता जंतांबद्दल थोडं, कारण ते वगळले तर माझ्यातल्या डॉक्टरला झोप लागणार नाही. चिंचोरोंच्या वाळलेल्या विष्ठेत चपट्या जंताची अंडी सापडतात. हा जंत समुद्रसिंहात वाढतो आणि कच्च्या किंवा अर्धकच्च्या माशातून माणसात येतो. एल निनोच्या वर्षी पाणी तापतं, माशांच्या जाती आणि त्यांच्या जागा बदलतात, आणि त्याबरोबर जंतांचा प्रादुर्भावही बदलत असावा, असं आरियासा आणि सहकाऱ्यांनी सुचवलं आहे. एकेका कुटुंबाला जाणवलेलं हवामान बहुधा हे असंच होतं. कुणाच्या पोटात दुखलं, कुणाच्या अंगात रक्त उरलं नाही. कवट्यांवर बऱ्या झालेल्या मोडीही आहेत, साधारण दर चार प्रौढांत एकाच्या. खडकावरून पडून तितक्या मोडी होत नाहीत. आपापसातही बरंच चाललेलं असणार. ममी करणारे हळवे असतील म्हणून ते सौम्यही होते असं नव्हे.

नदीचं विष पिढ्यान्‌पिढ्या चाललं, या किनाऱ्याची दुसरी गोष्ट मात्र एका दिवसाची आहे.

आरिकाच्या दक्षिणेला, तालताल भागात आणि त्याच्या आसपास, चिंचोरोंसारखेच समुद्रावर जगणारे लोक होते. ही वस्ती बारा हजार वर्षं जुनी. तालतालजवळच त्या काळातली गेरूची खाण सापडली आहे, अमेरिका खंडातल्या सर्वांत जुन्या खाणींपैकी एक. 2022 मध्ये दिएगो सालासार आणि सहकाऱ्यांनी या किनाऱ्यावरच्या सुमारे 600 किलोमीटर पट्ट्यातला पुरावा जुळवला. सुमारे 3800 वर्षांपूर्वी समुद्रतळाचे थर, वाळू, शिंपलं, समुद्री जीव, असे उंचावर येऊन पडले की साध्या वादळाने ते होणार नाही. किनारा वर उचलला गेला होता. सापातेरो नावाच्या जागी दगडी भिंतींची घरं होती. त्यांतल्या काही भिंती समुद्राच्या बाजूला कोसळलेल्या आहेत, म्हणजे त्या पाडल्या परतणाऱ्या पाण्याने. लाट चढताना माणसाला दिसते तरी. ती उतरताना घेऊन जाते.

भूकंप 9.5च्या आसपासचा असावा, असं हा गट म्हणतो. 1960 मध्ये चिलीतच झालेला आणि आजवर यंत्रांनी नोंदवलेला सर्वांत मोठा भूकंप तेवढाच. लाटेचा हिशेब पॅसिफिक ओलांडून जातो. न्यूझीलंडच्या चॅटम बेटावर त्या सुमारास मोटारीएवढ्या शिळा किनाऱ्यापासून बऱ्याच आत फेकल्या गेलेल्या आहेत. हे अशक्य वाटत असेल तर 1868 आठवावं. त्या ऑगस्टमध्ये आरिकाला भूकंप झाला, वॉटरी नावाची अमेरिकन युद्धनौका लाटेने उचलून किनाऱ्यापासून शेकडो मीटर आत नेऊन ठेवली आणि तीच लाट चॅटमपर्यंतही गेली. वॉटरीचे बॉयलर आरिकाजवळ वाळूत अजून आहेत.

3800 वर्षांपूर्वीच्या त्या दिवसानंतर माणसं खालच्या किनाऱ्यावरून उठली. वस्त्या वर सरकल्या, आत सरकल्या, कबरीही वर गेल्या. लाटेच्या टप्प्यातल्या जागा हजार वर्षांहून अधिक काळ ओस राहिल्या. अन्न तर समुद्रातच होतं, आणि ते आणायला रोज खाली उतरावं लागत होतंच. घर खाली नको, एवढंच ठरलं. चाळीस पिढ्या हे कळत राहिलं, लेखन नसताना. कुणी कुणाला काय सांगितलं असेल याची मला उत्सुकता आहे. आमच्याकडे पन्नास वर्षांपूर्वीच्या उधाणाची खूण ज्या जांभ्याच्या गडग्यावर होती, तो गडगा पाडून तिथे लॉज झालं.

ममींचा रिवाज संपतो तो काळ आणि ही लाट, दोन्ही तारखा एकमेकींच्या जवळ येतात. मोह होतो. पण दोन्हींचा पल्ला शतकांचा आहे, लाटेचा मुख्य पुरावा दक्षिणेचा आणि ममींचा गाभा उत्तरेचा. आणि ममींची पद्धत तर लाटेच्या कितीतरी आधीपासून सोपी होत चालली होती. मृत्यूच्या दाखल्यावर एकच कारण लिहायची सवय कारकुनाला असते, डॉक्टरने ती लावून घेऊ नये.

भूकंपाने त्या किनाऱ्याखाली शेवटची मोठी फाट 1877 मध्ये पडली. त्यानंतर 1 एप्रिल 2014 रोजी इकिकेजवळ 8.2चा धक्का बसला, रात्री किनाऱ्यावरची लाखो माणसं चढावर गेली. साठलेल्या ताणाचा त्यात थोडाच भाग सुटला, असं भूकंपशास्त्रज्ञांचं मत आहे. 1868 आणि 1877 हे लिखित इतिहासातले आकडे. धोक्याचे नकाशे करताना हाताशी असतात ते हेच. सालासार यांचा गट त्यापलीकडे बोट दाखवतो: त्याच किनाऱ्यावर सुमारे हजार किलोमीटर लांबीची फाट एकदा झालेली आहे, पुन्हा होऊ शकते. आरिकाचं बंदर आणि जुना बाजार सखल भागात आहेत.